काचेवरची काच

‘बाई, एवढं चांगलं भिंग घेतलंत, त्याच्यावर एक काच बसवून देऊ ना?’

कोल्हापुरातल्या त्या दुकानदाराने हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला, की पेढ्यांचा पुडा हातात देताना हलवायाने ‘दोरा बांधून देऊ ना?’ असे विचारावे. आणि मीही तितक्याच सहजपणे ‘द्या’ म्हणून मोकळी झाले. अडीचशे रुपयांची ती गोल चकती त्याने भिंगाच्या तोंडाशी फिरवून घट्ट बसविली, तेव्हा माझ्या मनावरचे केवढे तरी ओझे उतरल्यासारखे वाटले.

ओझे वाटण्याचे कारण असे, की कॅमेरा माझा नव्हता, शाळेचा होता. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली होती, मुलांनी घरोघर फिरून रद्दी गोळा केली होती, आणि कमी पडले तेथे शिक्षकांनी पदरचे घातले होते. कॅमेरा साधाच, त्याच्याबरोबर येणारे भिंगही साधेच. परंतु रद्दीच्या पैशातून घेतलेली वस्तू हातात धरली म्हणजे ती सोन्याहून जड होते, हा अनुभव मला त्या दिवशी आला. तिच्यावर ओरखडा उठला तर दीडशे मुलांना मी काय उत्तर देणार?

शिवाय आमचे कोगनोळी म्हणजे काही धुळीला पारखे गाव नव्हे. एका बाजूला महामार्ग आणि त्यावरचा टोलनाका. रात्रंदिवस मालमोटारींची रीघ. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या गाड्यांची तीत भर. उन्हाळ्यात वारा सुटला म्हणजे शेतातली माती वर्गातल्या बाकांवर येऊन बसते. जवळच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींवरून नुसते चालत गेले तरी नवख्या माणसाला शिंका आवरत नाहीत. मी मूळची गोव्यातील पेडण्याची. तिकडची माती ओली, पायाला चिकटणारी. इकडची कोरडी, डोळ्यात जाणारी. अशा ठिकाणी भिंगापुढे एक काच असलेली बरी, असे मला वाटले तर त्यात नवल ते कोणते?

सहा महिने मी निर्धास्त होते. मग शाळेचे स्नेहसंमेलन आले.

त्या संध्याकाळी आमच्या शिपाईमामांचा निरोपसमारंभ होता. तीस वर्षांहून अधिक काळ ज्यांनी शाळेची घंटा दिली, त्यांना मुलांनी फेटा बांधायचा आणि शाल पांघरायची असे ठरले होते. रंगमंचाच्या उजव्या बाजूला, वर, दिव्यांची माळ लावली होती. मामा डावीकडे खाली एका खुर्चीत अवघडून बसले होते. फेटा डोक्यावर चढला, आणि आयुष्यभर ‘गप बसा रं’ म्हणून मुलांना दटावणारा तो माणूस एकदम लहान मुलासारखा हसला. तो क्षण मी टिपला. एकच चित्र, पण ते मिळाले याचा मला मोठा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी ते चित्र मोठे करून पाहिले, आणि माझा चेहरा उतरला. मामांच्या गालावर, कपाळावर, फेट्याच्या कडेवर फिकट हिरवट रंगाचे ठिपके एका ओळीत उमटले होते. जणू कोणी ओल्या बोटांनी चित्र खराब केले असावे. जे हसू टिपण्यासाठी मी धडपडले, नेमके तेच त्या ठिपक्यांखाली गेले होते. मामांनी घरी लावायला एक प्रत मागितली होती. मी चाचरत त्यांना ते चित्र दाखविले. त्यांनी ते लांब धरून, मग जवळ धरून पाहिले आणि म्हणाले, ‘आसू द्या, बाई. त्यात तुमचा काय दोष?’

त्यांच्या त्या समजूतदारपणानेच मला अधिक लागले. दोष कोणाचा, हे शोधून काढल्याशिवाय राहायचे नाही असे मी ठरविले.

मी कला शाखेची पदवीधर. प्रकाशाविषयी कवींनी काय म्हटले आहे ते मला थोडेबहुत सांगता येईल. पण प्रकाश काचेशी कसा वागतो, हे विचारायला मला आमच्या विज्ञानाच्या सरांकडेच जावे लागले. त्यांनी प्रथम एक प्रश्न विचारला : ‘रात्री बसने जाताना खिडकीच्या काचेत काय दिसते?’ मी म्हटले, ‘आपलाच चेहरा.’ ‘झाले तर मग!’ ते म्हणाले. ‘काच पारदर्शक असली तरी सगळा प्रकाश पलीकडे जाऊ देत नाही.’

मग त्यांनी सांगितले ते असे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो. चकतीला दोन पृष्ठभाग. म्हणजे सुमारे ८ टक्के. दिवसा, सूर्याकडे पाठ असताना, हा हिशेब कोणाच्या लक्षातही येत नाही. पण अंधारात एखादा प्रखर दिवा समोर असला, की त्याचा प्रकाश भिंगातून आत जातो, आतल्या चकचकीत संवेदकावर आपटून पुन्हा बाहेर येतो, पुढच्या सपाट चकतीवर आदळतो आणि पुन्हा आत शिरतो. त्यातून त्या दिव्याचे एक फिकट भूत तयार होते, आणि तेही उलटे : दिवा उजवीकडे वर असेल, तर भूत डावीकडे खाली. मामा नेमके तेथेच बसले होते! आम्ही ती चकती काढून खिडकीशी धरली, तर तिच्यात खिडकीचे पांढरेशुभ्र प्रतिबिंब लख्ख दिसले. सरांच्या चष्म्याच्या काचेत तीच खिडकी पाहिली. तेथे मात्र ती मंद आणि हिरवट दिसली. ‘माझ्या काचेवर लेप आहे,’ ते म्हणाले, ‘तुमच्या चकतीवर नाही.’

या लेपाची कथा मला फार आवडली, म्हणून ती मुलांसाठी येथे थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅरोल्ड डेनिस टेलर या इंग्रज भिंगकारास असे आढळले, की जुनी, हवेने काळवंडलेली भिंगे नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. वयाने आलेला तो पातळ थर परावर्तन कमी करीत होता. पुढे १९३५ साली जर्मनीतील झाइसच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर असा थर मुद्दाम चढविण्याची रीत शोधली. १९३८ साली अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट या विदुषीने, केंब्रिज विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साबणासारख्या द्रव्याचे एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर काचेवर चढवून ती जवळजवळ अदृश्य करून दाखविली. त्यांचा तो थर पुसला की निघून जाई. आजचे थर टिकाऊ असतात आणि एकावर एक अनेक असतात. उत्तम लेप असलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परततो. महाग फिल्टर आणि स्वस्त फिल्टर यांतला खरा फरक या न दिसणाऱ्या लेपात आहे. अडीचशे रुपयांत मी काच विकत घेतली होती. लेप घेतला नव्हता.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशा चकत्यांना ‘यूव्ही फिल्टर’ म्हणतात, ते फिल्मच्या काळापासून. फिल्मला अतिनील किरण जाणवत; त्यामुळे डोंगरांची आणि समुद्राची चित्रे धुरकट, निळसर येत. हे किरण अडविणे हे त्या चकतीचे मूळ काम. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकापुढे ही सोय आधीच केलेली असते. म्हणजे मूळ काम संपले, आणि पहारेकऱ्याचे काम तेवढे उरले.

ती चकती मी काढून टाकली. पण तिच्याबरोबर माझा धीरही गेला. उघड्या भिंगाचा कॅमेरा वर्गात न्यायचा म्हटले की पोटात गोळा येई. कोणी मुलगा ‘बाई, मी एक फोटो काढू?’ म्हणाला, की मी ‘पुढच्या वेळी’ म्हणून टाळीत असे. हळूहळू कॅमेरा कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जाऊन बसला, आणि पावसाळा सुरू झाला.

त्या पावसाळ्यात एके रात्री मला माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्याची आठवण झाली. पेडण्याच्या आमच्या घरी त्यांचा एक जुना, फिल्मचा कॅमेरा होता. त्याच्या भिंगापुढे चकती, तिच्यावर झाकण, सगळ्यावर चामड्याची पेटी, पेटीभोवती मऊ कापड, आणि हे सारे लाकडी कपाटात सर्वांत वर. आम्हा मुलांपैकी कोणी तिकडे हात नेला, की वडील म्हणत, ‘सांबाळ गो!’ आमच्या कोंकणीतला हा एक शब्द जपून वाग, जपून ठेव आणि दूर राहा, अशा तिन्ही अर्थांनी मी लहानपणी ऐकला. एका चतुर्थीला पाहुणे आले म्हणून वडिलांनी कॅमेरा काढला. भिंगाच्या पुढे एकही ओरखडा नव्हता. परंतु भिंगाच्या आत, काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. बुरशी! कोकणचा पाऊस, चामड्यात मुरलेली ओल आणि बंद कपाटातला काळोख यांनी ते काम चार-पाच पावसाळ्यांत केले होते. बाहेरचा शत्रू अडविण्याच्या नादात आतला शत्रू वडिलांच्या लक्षातच आला नाही. तो कॅमेरा रोज वापरला असता, त्याला उजेड-वारा लागला असता, तर तो कदाचित वाचला असता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्याबरोबर मी कपाट उघडले. कॅमेरा ठीक होता. ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात मी तो ठेवला, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढायचा असा नेम केला.

तेवढ्यात आश्विन महिना आला. आमच्याजवळच्या कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथाची यात्रा भरते. येथील भाकणूक ऐकायला कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही बाजूंचे लोक लोटतात, आणि भंडाऱ्याची अशी उधळण होते, की माणसे, झाडे, देवळाच्या पायऱ्या सारे पिवळे होऊन जाते. नववीची मुले माझ्याकडे आली. ‘बाई, वार्षिकासाठी यात्रेचे फोटो आम्ही काढतो. कॅमेरा द्याल?’ या वेळी ‘पुढच्या वेळी’ म्हणायला माझी जीभ धजेना.

आता प्रश्न खरोखरच उभा राहिला : भंडाऱ्यात कॅमेरा न्यायचा तर भिंगापुढे काच हवी, पण कोणती? मी चौकशी केली. नावाजलेल्या कंपनीचा, उत्तम लेपाचा फिल्टर बत्तीसशे रुपयांना मिळत होता. आमचे भिंग मात्र, वापरलेले घेतले तर, पाच हजारांत नवे घेतल्यासारखे मिळाले असते. पाच हजारांच्या वस्तूला बत्तीसशेचा पहारा म्हणजे नाकापेक्षा मोती जड! निपाणीकडील एका लग्नाच्या छायाचित्रकाराला मी सल्ला विचारला. त्याचे एक भिंग ऐंशी हजारांचे. तो म्हणाला, ‘मला बत्तीसशे जड नाहीत, म्हणून मी वापरतो. पण बाई, काच मार खाते या भरवशावर राहू नका. एकदा कॅमेरा पडला. फिल्टरची काच फुटली, तिच्याच तुकड्यांनी भिंगावर चरे ओढले, आणि वाकलेली कडी कापून काढावी लागली. मार खायचा तो हुडाने.’ हूड म्हणजे भिंगाच्या तोंडाशी बसणारी ती नळीसारखी टोपी. ती धक्का आपल्या अंगावर घेते, आडवा येणारा प्रकाश अडविते, आणि चित्राच्या वाटेत मात्र कुठेच येत नाही.

त्याच्या बोलण्याने माझ्या मनातला गुंता सुटला. काच धुळीपासून, शिंतोड्यांपासून, बोटांच्या ठशांपासून आणि भंडाऱ्यापासून राखते. पडण्यापासून राखील याची हमी नाही. तिची किंमत मोजताना भिंगाची किंमत पाहावी, जेथे जायचे ती जागा पाहावी, आणि सर्वांत आधी चित्र पाहावे. कारण भिंग राखायचे ते चित्रासाठीच. चित्र बिघडविणारा स्वस्त पहारेकरी हा फुकट मिळाला तरी महागच.

मी पुन्हा कोल्हापूरला गेले. खरी कॉर्नरजवळच्या कॅमेरा-स्तंभापाशी क्षणभर थांबले. १९१८ साली बाबूराव पेंटर यांनी याच शहरात देशी बनावटीचा चित्रपट-कॅमेरा सिद्ध केला, आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. ज्यांनी यंत्राचा एकेक भाग आपल्या हाताने घडविला, त्यांना त्याची धास्ती वाटण्याचे कारण काय? आपण भितो ते वस्तूची ओळख नसते म्हणून. मी दुकानात जाऊन तेराशे रुपयांची, दोन्ही बाजूंनी अनेक थरांचा लेप असलेली साधी पारदर्शक काच घेतली, आणि दोनशे रुपयांचा हूड. बत्तीसशेचीच घ्यावी असे आमच्या भिंगात काही नव्हते. अडीचशेची पुन्हा घ्यावी असा मूर्खपणा आता माझ्यात उरला नव्हता.

यात्रेच्या दिवशी मुलांनी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबराने बांधली. फक्त काच तेवढी बाहेर. त्या दिवशी कॅमेरा सात जणांच्या हातांतून फिरला. मी दूर उभी होते, आणि प्रथमच मला धाकधूक वाटली नाही. परत आल्यावर काच पाहिली, तर हळदीने माखलेली. एका मुलीने ती पदराने पुसायला घेतली तेव्हा मी तिला अडविले. कोरडी पूड घासली की तीच चरे पाडते. आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ कुंचल्याने झाडायची, आणि शेवटी स्वच्छ मऊ कापडाने टिपायची. भिंगाची पुढची काच मात्र निर्मळ होती. तेराशे रुपये त्या एका दिवसात फिटले. तरीही भिंग पुढे-मागे सरकते त्या फटीत थोडा भंडारा शिरला होताच. कारण पिशवी तेथे सैल पडली होती. काच दाराशी पहारा करते. खिडक्यांची काळजी आपणच घ्यायची.

नंतर आम्ही एक प्रयोग केला. जुन्या, अडीचशेच्या चकतीवर तांदळाएवढा कागदाचा कपटा चिकटवला, ती भिंगावर बसविली आणि सावलीत एका मुलाचे चित्र काढले. कपटा चित्रात दिसेना! मुले चकित झाली. इतक्या जवळची वस्तू भिंगाला स्पष्ट दिसतच नाही. मग सूर्याकडे तोंड करून चित्र काढले, तेव्हा मात्र सगळे चित्र फिकट झाले. म्हणजे ज्या एका ओरखड्याच्या भीतीने मी कॅमेरा कपाटात कोंडला होता, तो पडला असता तरी बहुतेक चित्रांना त्याची वार्ताही लागली नसती.

आता आमच्या शाळेत कॅमेऱ्याच्या डब्यावर मुलांनीच लिहिलेले नियम आहेत. हूड नेहमी. धूळ, भंडारा, रंग, पाऊस असेल तेव्हा काच लावावी. रात्री समोर दिवे असतील तेव्हा काच काढावी. आणि काम झाले की कॅमेरा पुसून, कोरडा करून, उजेड दाखवून ठेवावा. महागडी काच घ्यावी का, असे मला कोणी विचारले तर मी हेच नियम दाखविते. महाग भिंग असेल, किंवा रोज धुळीत, समुद्रकाठी फिरायचे असेल, तर जरूर घ्यावी. साध्या भिंगाला लेपाची मध्यम काच पुरे. आणि घरात, अंगणात वाढदिवसाचे फोटो काढणाऱ्याने तेच पैसे मुलांना गावोगाव हिंडविण्यात घालवावेत. पण जी काच घ्याल ती काढता येते, हे मात्र विसरू नये. जे कवच कधीच उतरत नाही, ते हळूहळू दृष्टीतच मिसळून जाते.

गेल्या महिन्यात शिपाईमामा सहज शाळेत आले होते. मधल्या सुट्टीत ते सवयीने घंटेखाली जाऊन उभे राहिले. आठवीतली एक मुलगी धावत माझ्याकडे आली. ‘बाई, कॅमेरा!’ मी तो तिच्या हाती दिला. मामांच्या मागे उघडे आकाश होते आणि सूर्य जवळजवळ समोर. तिने एकदा वर पाहिले, आणि मी काही सांगण्याच्या आत काच फिरवून काढून माझ्या तळहातावर ठेवली. माझ्या तोंडून नकळत शब्द निघाले, ‘सांबाळ गो!’ तिला कोंकणी कळत नाही. ती हसली, दोन पावले पुढे सरकली, आणि मामाही हसले.

ते चित्र आता मामांच्या घरी भिंतीवर आहे. त्यावर एकही ठिपका नाही.